सातव्या खांबावरची बाई

माद्रिद,
१२ फेब्रुवारी १९८६

ती. एउतिमिओ आजोबांस,
बेनिल्देचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे पत्र वाचून घेण्यासाठी तुम्हाला ओब्दुलिया आत्याआजीची बोलणी खावी लागणार नाहीत. फोनचा काही उपयोग नाही हे नाताळात कळलंच. आपल्या घराण्यात सगळ्यांत मोठे कान तुमचे आणि सगळ्यांत कमी ऐकू येतं तेही तुम्हालाच! पन्नास वर्षं छिन्नी-हातोडा चालवल्याचा हा परिणाम, हे मान्य. पण कान निदान शोभेला तरी आहेत.

तर बातमी अशी की कॅथेड्रलमध्ये मचाणावर चढून काढलेले सगळे फोटो धुऊन आले. माझ्या प्रबंधाचं आता सोनं होणार! आधी चित्राचं सांगते. छोट्या देवघरातलं ते शेवटच्या भोजनाचं काळपट चित्र आठवतं ना? टेबलावरच्या पितळी सुरईत एक चेहरा आहे. चित्रकारानं स्वतःला सुरईच्या चकाकीत लपवलं आहे, नखाएवढं. आणि टेबलक्लॉथखाली मांजर! फक्त शेपटी आणि एक डोळा. साडेतीनशे वर्षं लोक त्यासमोर गुडघे टेकत आले आणि मांजर त्यांच्याकडे बघत बसलं.

पण खरी गंमत सातव्या खांबावर आहे. खांबाच्या माथ्यावर, भिंतीच्या बाजूला, पानांच्या गर्दीत एक बाई हसते आहे. डोक्याला रुमाल, पुढच्या दोन दातांत फट. देवीही नाही, राणीही नाही, साधी बाई. भोवतीची फळं मला अंजिरं वाटतात. आमचे प्राध्यापक बार्सेना म्हणतात की डाळिंबं. काम चौदाव्या शतकातलं असणार यावर मात्र आमचं एकमत आहे. तिच्या मागे, एका पानाच्या आड, कुणीतरी दोन कानांचा पेला कोरला आहे. अगदी ओबडधोबड. प्राध्यापकांच्या मते तो पवित्र पेला असावा आणि बाई म्हणजे एखाद्या गुप्त पंथाची खूण. ते आनंदानं खुर्चीतून उठलेच.

सोबत बाईचा छोटा फोटो पाठवते. पेला सावलीत गेल्यामुळे त्यात दिसणार नाही. एक विचारायचं राहिलं. नाताळात तुम्ही मला सगळे खांब दाखवलेत, मग सातव्यापाशी येताच तुम्हाला दर वेळी भूक का लागायची?

आत्याआजीला नमस्कार. लोभ आहेच, माझ्या भोचकपणानं तो कमी होऊ नये, ही विनंती.

आपली,
बेनिल्दे

०

तोरेसाविया,
२३ फेब्रुवारी १९८६

चि. बेनिल्देस,
एउतिमिओ आजोबांचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर मोठं काढलंस ते बरं केलंस, पण कानांवरून बोललीस ते ओब्दुलियानं वाचलं आणि दोन दिवस घरात दुसरा विषय नाही. फोटोही पाहिला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, मला त्यात उकडलेला बटाटा दिसला. डॉक्टरनं एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन ठरवलंय. मी नको म्हणत होतो, पण घरात माझं कोण ऐकतं.

सुरईतला चेहरा तू शोधलास, शाबास. चित्रकार लोक स्वतःलाच लपवतात, तेवढीच त्यांची झेप. आम्हा पाथरवटांची रीत वेगळी. आयुष्यात एकदाच, एकच वस्तू लपवायची, आणि कुणाला सांगायची नाही. पुढच्या पाथरवटाला ती सापडली तर त्यानं तिच्यावर तळहात ठेवायचा आणि गप्प बसायचं. मला माझ्या काळात अकरा सापडल्या. कुठे ते विचारू नकोस.

सातव्या खांबाचं तू फार मनावर घेऊ नकोस. पानं आहेत, फळं आहेत, बाई म्हणशील तर बाई. त्यापेक्षा उत्तर दारावरचं पिपाणी वाजवणारं डुक्कर घे, बोधचिन्ह म्हणून कुठल्याही प्राध्यापकाला आवडेल. नाहीतर गायकांच्या बाकाखालचा, चष्मा लावलेला कोल्हा घे. प्रबंधात चाळीस आकृत्या पुरेत, एक्केचाळीस कशाला हव्यात?

आणि पेला कसला? तिथे पेला नाही. असूच शकत नाही. तू दुसऱ्या कुठल्या खांबाचा फोटो त्यात मिसळला असशील, पुन्हा नीट बघ.

थंडी अजून आहे. लोकरीचे मोजे घालत जा. आमचा लोभ काय, मागितल्याशिवाय मिळतोच.

तुझा,
एउतिमिओ आजोबा

०

माद्रिद,
६ मार्च १९८६

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आणि माझी मैत्रीण दोघी हसलो. तुम्हाला हेवा वाटतोय, कबूल करा! पन्नास वर्षं त्या कॅथेड्रलमध्ये घालवून जी बाई तुम्हाला दिसली नाही ती मला तीन आठवड्यांत दिसली. फोटो मिसळलेला नाही. पेला तिथेच आहे, दोन्ही कानांसकट.

आजोबा, आता थट्टा बाजूला. कॅथेड्रलच्या सफाईचं काम उन्हाळ्यात सुरू होतंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. मंडळानं ठरवलंय की गेल्या दोनशे वर्षांत जे जे मागाहून घातलं गेलं ते काढायचं आणि जुन्या रेखाटनाप्रमाणे पूर्ववत करायचं. जुन्या रेखाटनात सातव्या खांबावर नुसती पानं आहेत. म्हणजे बाई जुनी आहे हे कुणी सिद्ध केलं नाही, तर ती छिलून टाकणार! मी ते सिद्ध करणार आहे. फादर आनियानो हे मंडळाचे प्रमुख, त्यांना मी तसं कळवलंही. सतरा मे रोजी परीक्षकांसमोर माझा प्रबंध आहे. प्राध्यापकांनी एका मोठ्या नियतकालिकात लेख द्यायचं ठरवलंय, माझ्या नावासकट. तो छापून आला की विद्यापीठातली जागा माझीच, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत.

तेव्हा डुक्कर आणि कोल्हा तुम्हालाच लखलाभ. मला माझी बाई हवी. तिच्या हसण्यात काहीतरी ओळखीचं आहे, रोज बघते तरी सापडत नाही.

ऑपरेशनला घाबरू नका. असाच लोभ ठेवा, रागावलात तरी ठेवा.

तुमची,
बेनिल्दे

०

तोरेसाविया,
१५ मार्च १९८६

चि. बेनिल्देस,
ओब्दुलिया आत्याआजीचे अ. उ. आ.

मी पत्र लिहिणाऱ्यातली नाही, हे तुला माहीत आहे. पण तुझ्या आजोबाचं काहीतरी बिनसलंय. तुझं दुसरं पत्र आल्यापासून जेवणावर लक्ष नाही. मसुराचं सूप केलं तर त्यात चमचा फिरवत बसतो. दर गुरुवारी तो कॅथेड्रलमध्ये जाऊन तिसऱ्या बाकावर बसतो, तुझी आजी कासिल्दा गेल्यापासूनची सवय आहे. आता रोज जायला लागलाय. मान वर करून बसतो. डोळ्यांना दिसत नाही काही, तरी बसतो. काल मी विचारलं की बाबा रे, काय शोधतोस? तर मला म्हणाला की ओब्दुलिया, तू आपली चूल सांभाळ. माझी चूल! मी नसते तर हा माणूस पाव आणि कांद्यावर जगला असता.

म्हणून मी तुझा तो फोटो चष्मा लावून उजेडात पाहिला. पाथरवट काय लपवतात आणि काय नाही, त्यात मी पडत नाही. माझ्या भावजयीबद्दलही मी काही बोलणार नाही, ते त्याचं त्यानं सांगावं. पण बेनिल्दे, तू एवढी शिकलीस आणि तुझे प्राध्यापक त्याहून शिकलेले, तुमच्यापैकी कुणी कधी मंडईत गेलंय का? ती अंजिरं नाहीत आणि डाळिंबंही नाहीत. त्या ढोबळ्या मिरच्या आहेत. तीन फुगीर कप्पे, वर वाकडं देठ, आणि पानंही मिरचीचीच. आपल्या परसात दर वर्षी येतात. तू दहा वर्षांची असताना त्या खाऊन तुझं पोट दुखलं होतं.

आजोबाला एक प्रेमाचं पत्र टाक. आणि मिरचीचं मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
आत्याआजी

०

तोरेसाविया,
१९ मार्च १९८६

चि. बेनिल्देस,
अ. उ. आ.

ओब्दुलियानं तुला लिहिलंय हे मला कळलंय. ती टपालाला गेली की नवीन रुमाल बांधते.

चार रात्री विचार केला. गप्प बसलो तर ती बाई वाचते. पण मग तुझ्या नावानं लेख छापून येईल आणि कुठलीतरी स्वयंपाकीणबाई विचारेल की चौदाव्या शतकात मिरची कुठून आली? ती तर कोलंबसाच्या मागून समुद्रापलीकडून आली. सगळं माद्रिद तुला हसेल. तुला कुणी हसलेलं मला चालणार नाही. तेव्हा रीत मोडतो आणि सांगतो.

ती माझी कासिल्दा आहे. कोरली मी. सन १९५३, सप्टेंबर. वीज पडून सातव्या खांबाचा माथा फुटला होता, त्या जागी नवा दगड बसवून मी तो जागेवरच घडवला. आपल्या खाणीतला दगड ताजा असतो तेव्हा सुरीनंसुद्धा कापता येतो, पुढे हवेनं घट्ट होतो. रेखाटनात नुसती पानं होती. पण कासिल्दा रोज एकशे बारा पायऱ्या चढून माझं जेवण वर आणायची, परसातल्या मिरच्या भाजून, पावात घालून. उंचीची तिला भीती वाटायची, म्हणून ती येताना डोळे मिटून, भिंतीला हात लावत यायची आणि वर पोचली की हसत सुटायची. ते हसणं मी लपवलं. मिरच्या तिच्या मानासाठी. तू तिला ओळखलं नाहीस यात नवल नाही. तुला आठवते ती कवळी लावलेली म्हातारी, तेव्हा दातांतली फट गेली होती.

शेवटच्या दिवशी काम संपलं आणि आम्ही जेवायला बसलो, तर बाईसाहेब मीठ विसरलेल्या. कधी काही न विसरणारी बाई! मिठाशिवाय मिरची गोड लागत नाही म्हणून मला खाली पिटाळलं. एकशे बारा उतरलो, घरून मीठ घेतलं, एकशे बारा चढलो. पाय मोडून आले. सत्तावीस वर्षं मी तिला त्या मिठावरून चिडवलं. ती नुसती हसायची. दुसऱ्या दिवशी मचाण काढलं, पुन्हा जवळून तिला कुणी पाहिलं नाही. ती गेल्यावर मी खालून बघायला लागलो. आता डोळेही गेले, तरी ती तिथे आहे एवढं पुरतं.

पेला मात्र माझा नव्हे, शपथेवर सांगतो. मागून कुणीतरी हरामखोर चढला असेल आणि माझ्या बायकोशेजारी पेला खरडून गेला असेल. हे डोक्यात आल्यापासून अन्न गोड लागत नाही. कोण असेल तो?

आता तुला जे खरं ते लिही. छिलतील तर छिलोत. ऑपरेशननंतर दिसायला लागलं तर तेवढ्यात एकदा बघून घेईन म्हणतो.

तुझा,
एउतिमिओ आजोबा

०

माद्रिद,
१४ एप्रिल १९८६

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले. मग मिरच्या आठवल्या आणि हसू आवरेना. प्राध्यापकांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की डाळिंब असण्याची काहीच शक्यता नाही का? मी म्हटलं की आमच्या आत्याआजीनं निकाल दिलाय, त्यावर अपील नाही. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. लेख मागे घेतला. जागेचं काही खरं नाही आता, पण त्याचं वाईट वाटायला मला अजून फुरसतच मिळालेली नाही. प्रबंधात चाळीसच आकृत्या राहतील. डुक्कर पहिल्या पानावर आहे, तुमच्या आग्रहावरून.

तुम्हाला न सांगता एक गोष्ट केली, रागावू नका. गेल्या गुरुवारी पहाटेच्या गाडीनं तोरेसावियाला येऊन, तुम्ही कॅथेड्रलमध्ये यायच्या आत फादर आनियानोंना भेटले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. घरी आले असते तर माझ्या तोंडावरूनच आत्याआजीनं ओळखलं असतं. मी त्यांना जे खरं ते सांगितलं. आधी कळवलं होतं ते चुकीचं होतं, बाई जुनी नाही, अवघी तेहतीस वर्षांची आहे आणि ती मिरच्यांत बसली आहे.  ते माझ्याबरोबर मचाणावर चढले, वय बहात्तर, झगा वर खोचून. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की सिमेंटनं चिकटवलेलं काढायचं ठरलंय, हा तर खांबाचाच दगड आहे आणि कॅथेड्रलच्याच पाथरवटानं घडवलाय. मी म्हटलं की पण जुनी नाही ना. तर म्हणाले की पाचशे वर्षं थांबलं की होईल, थांबायची आम्हाला सवय आहे.

नोंदवहीत त्यांनी माझ्यासमोर लिहिलं : सातवा खांब, हसणारी स्त्री, मिरच्यांसह, १९५३. दुरुस्तीची गरज नाही. नाव लिहिलं नाही. तुमची रीत त्यांनाही ठाऊक असावी, कारण उतरताना त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. मग मीही ठेवला.

पेल्याचं कोडं मात्र मला सुटलेलं नाही. तो भाग खूप मोठा करून घेतला आहे, जेवणाच्या ताटाएवढा. सोबत पाठवते, निगेटिव्हसुद्धा, म्हणजे दुसरी प्रत कुणाकडे राहणार नाही. ऑपरेशन झाल्यावर बघा आणि तो हरामखोर कोण ते मला कळवा.

तुमच्या लोभावर माझा हक्क आता पक्का झाला असं समजते.

तुमची,
बेनिल्दे

०

तोरेसाविया,
६ मे १९८६

चि. बेनिल्देस,
एउतिमिओ आजोबांचे अनेक, अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. काल पट्टी निघाली, नवा चष्मा मिळाला. पहिली गोष्ट दिसली ती ओब्दुलियाचा चेहरा. ती किती म्हातारी झालीय हे मी बोलून गेलो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचं जरा लांबलं.

आज सकाळी खिडकीपाशी बसून तुझा फोटो उघडला. आधी छिन्नीच्या खुणा पाहिल्या. पाथरवटाचा हात नव्हे. पाथरवट असा दगड ओरबाडत नाही, हे काम कुणीतरी घाईत, भीतभीत, छिन्नी उलटी धरून केलेलं. म्हणजे आमच्यातला कुणी नव्हता, एवढ्यावरच माझं निम्मं दुखणं पळालं. मग नीट पाहिलं. पेल्याच्या आत दोन टिंबं आहेत, शेजारीशेजारी. त्यांच्या मध्ये एक वाकडी रेघ, उजवीकडे कललेली. सैन्यात असताना माझं नाक मोडलं होतं ते त्याच बाजूला. खाली आडवी रेघ आहे, एका टोकाशी फुगलेली, तोंडात घास असल्यासारखी.

ओब्दुलियाला हाक मारली. ती हात पुसत आली, फोटो पाहिला, आणि मला म्हणाली की पेला कुठला मेल्या, हे तर तुझे कान आहेत.

बेनिल्दे, मी रडलो हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही. तुझ्या चित्रकारानं सुरईत चेहरा लपवला. माझ्या बायकोनं माझ्या चेहऱ्याचाच पेला केला, आणि तोही स्वतःच्या पाठीशी, पानाआड, मला कधी दिसणार नाही असा. मरेपर्यंत एका शब्दानं बोलली नाही. पाथरवटाची बायको खरी!

दुपारी कॅथेड्रलमध्ये गेलो. तिसऱ्या बाकावरून ती दिसली, फट आणि सगळं. मी दिसत नाही तिथून, पण आहे.

सतरा तारखेला परीक्षकांसमोर ताठ उभी राहा. चाळीस आकृत्यांतली एकही कमी पडणार नाही तुझी. सप्टेंबरात ये, परसात रोपं लावली आहेत, फादर आनियानोंनाही जेवायला बोलावू. लोभ तर तुझा आहेच. तो आता आम्हा दोघांकडून घे.

तुझा,
एउतिमिओ आजोबा

ता. क. : ती मीठ विसरली नव्हती.